गच्चीवरचा एजंट

नगरच्या आमच्या गल्लीत एजंट म्हटलं की तोंडातून शिवीच निघते. जुनी घरं पाडून फ्लॅट उभे राहिले, ते सगळं एजंटांनीच केलं, असं बायकांचं ठाम मत. मीही तेच म्हणायचे. तरी वडील गेल्यावर घर विकायला मीच एजंट बोलावला. आईला विचारायची गरज वाटली नाही.

तो आला तेव्हा गच्चीवर बायका कुरडया घालत होत्या. फ्लॅटच्या गच्च्यांना कुलूप, म्हणून गल्लीभराचं वाळवण आमच्याकडे. तो टेप घेऊन मोजमापाला वर गेला. आईला वाटलं, कुणाचा तरी भाचा असेल. तिनं त्याच्या हातात काठी दिली, "जरा कावळे हाकल रे," म्हणाली आणि बायकांना घेऊन चहाला खाली आली.

तासाभरानं मी वर गेले, तर हा डोक्याला रुमाल बांधून भर उन्हात इमानानं बसलेला. टेप खिशातच.

"ताई, गिऱ्हाईक लई मिळतील," तो म्हणाला, "पन हे वाळवण मग कुठं घालायचं? आईला इचारलंय का तुमी?"

मी इतकी चिडले, की त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. संध्याकाळी मात्र आईला विचारलं. घर विकलं नाही.

गल्लीत एजंटांना अजून शिव्याच पडतात. पण कुरडया वाळल्या की पहिला डबा त्याच्या घरी जातो. तो मीच नेऊन देते. दारात पाऊल ठेवलं, की तो आधी पाणी विचारतो.