शमीमबाईंची करंजाची झाडं

चि. रेवा आणि चि. अर्णव,

परवा फोनवर तुम्ही सांगत होतात की शाळेत तुम्हाला कचरा वेगळा करायला शिकवतात, आणि मी मध्येच गप्प झाले. फोन बिघडला नव्हता. मला शमीमबाई आठवल्या. त्यांना जाऊन महिनाही झालेला नाही. सगळं नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते.

राहुरीजवळच्या आमच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, शमीमबाई लहान मुलांचा वर्ग घेत. शाळा सुटली की त्या दारात बादली घेऊन उभ्या राहत. बाटलीत उरलेलं पाणी प्रत्येकाने बादलीत ओतायचं, मगच घरी जायचं. कोणी व्हरांड्यात बाटली उपडी केलीच, तर बाई रागवत नसत. "काय रे, धरण तुझ्या आज्यानं बांधलंय व्हय?" एवढंच म्हणत, आणि वर्ग खिदळायचा. ते पाणी कुंपणालगतच्या करंजाच्या रोपांना जायचं. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत बी लावून ती रोपंही मुलांनीच केलेली.

तिसरीतली मनीषा तर मावशीच्या लग्नात पंगतीतून बादली घेऊन फिरली. पाहुण्यांच्या पेल्यांतलं पाणी गोळा करत सुटली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत हजर. "बाई, पाव्हनं म्हनलं, ही मानसं पानी पाजून परत घेत्यात! माझी काय इज्जत ऱ्हायली?"

शमीमबाईंनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला. "चुकलं दादा. पाव्हन्याचं पिऊन झाल्यावर घ्यायचं, हे सांगायचंच ऱ्हायलं माझं." मग मनीषाला म्हणाल्या, "आन् घातलंस कुनाला गं?"

"मांडवाच्या दारच्या केळीला."

"अगं येडे, ती तोडून आनून बांधलेली हाय!"

"तरी तिला तहान लागंल की."

यावर वडीलही हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

काही वर्षांनी झाडं छपराला टेकली आणि त्याच जागेवर शाळेचा हॉल बांधायचं ठरलं. बाई संस्थेच्या मंडळींकडे पुन्हापुन्हा गेल्या. "हॉल बांधाच, पन जरा तिकडं सरकवा." "तिकडं खडक लागतोय बाई. आन् पोरं उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजत्यात, ते दिसत न्हाई का?" हे खोटं नव्हतं. म्हणून मग बाई पुन्हा त्यांच्याकडे गेल्या नाहीत.

तेव्हा मी निवृत्त झाले होते, पण घर शाळेसमोरच, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. करवत चालली तशी मुलं रडू लागली. "रडायचं घरी जाऊन. आता शेंगा येचा," बाई म्हणाल्या. मुलं आडव्या फांद्यांतून शेंगा वेचत राहिली. त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई दारात उभ्या राहिल्या नाहीत.

बियांची नवी रोपं झाली, आणि सुट्टी लागली. त्याच उन्हाळ्यात बाईंचं डायलिसिस सुरू झालं. त्या नगरला लेकाकडे राहायला गेल्या. मी भेटायला गेले तर पहिला प्रश्न, "रोपान्ला पानी कोन घालतं?"

गावात टँकर येत होता. आता मोठी झालेली मनीषा घरच्या हंड्यातलं तांब्याभर नेत होती, पण ते किती पुरणार? बरीच जळाली, असं मी खरं तेच सांगितलं.

डॉक्टरांनी बाईंना दिवसाचं प्यायचं पाणी मोजून दिलं होतं. उशाजवळच्या अर्ध्या पेल्याकडे त्या बघत राहिल्या. "एरवी म्हनले असते, माझ्यातलं घेऊन जा. पन आता मलाच पुरंना."

ती आमची शेवटची भेट.

कब्रस्तानात बायका जात नाहीत, म्हणून त्या गेल्या त्या दिवशी मी नगरच्या घरी त्यांच्या सुनेजवळ बसून राहिले. बाहेर रस्त्यावर त्यांचे विद्यार्थी उभे होते, काही तर मिशा फुटलेले.

हॉल चांगला झाला आहे. मुलं आता सावलीत बसतात. उरलेली रोपं मनीषाने ओढ्याकाठी नेऊन लावली. काल मी जाऊन पाहिलं. तीन जगली आहेत.

तुमची आजी