इक्बालचा इक्वलायझर

इक्बाल सकाळी झोपेतच गेला, हे त्याच्या मुलीनं, शबानानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी दहिवलीच्या घरी गच्चीवर पापड उलटत होतो. "मोठ्यानं बोल गं, ऐकू येत नाही," असं मी तिला म्हणत राहिलो. ऐकू सगळं नीट आलं होतं...

त्याचं कर्जत बाजारात भांड्यांचं दुकान, माझा लग्नकार्यात लाउडस्पीकर लावण्याचा धंदा. दोस्ती शाळेपासूनची, त्यामुळे एकमेकांच्या कामात नाक खुपसायचा हक्क दोघांनाही होता. गिऱ्हाइकासमोर पातेलं वाजवून "आवाज ऐका, मग घ्या" म्हणायची त्याची सवय. आपल्या कानांचा त्याला भारी तोरा होता.

त्यांच्याकडे हळदीला घरच्या बायका गाणी म्हणतात आणि सुरुवात नेहमी त्याची बायको, जुबैदाभाभी, करायच्या. भाभी गेल्या. मागे राहिली ती शबानाच्या हळदीत भरलेली एकच कॅसेट. गेल्या वर्षी शबानाच्या मुलीचं लग्न खालापूरला ठरलं, तेव्हा इक्बालनं जाहीर करून टाकलं की सुरुवात भाभीच करणार. कॅसेट लॅपटॉपवर उतरवली, इक्वलायझर, म्हणजे जाडा-बारीक आवाज वेगवेगळा कमीजास्त करायच्या पट्ट्या, चालवायला शिकला आणि एके दुपारी गाणं मला ऐकवायला घेऊन आला.

भाभींचा आवाज वर चढला की चरचर फाटत होता. स्क्रीनवर इक्वलायझरच्या उजवीकडच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या, सगळ्या पट्ट्या यानं पार वर नेलेल्या आणि आवाज फाटल्याचा लाल दिवा विझायला तयार नाही.

"अरे, किती फाटतोय!"

"फाटतोय कुठं रं? उलट दबलाय. अजून जरा वर घेऊ काय?"

मला वाटलं, थट्टा करतोय. मग मी गाण्यातला बांगड्यांचा आवाज दाखवला. "कुठल्या बांगड्या?" त्यानं विचारलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मला सांगावंच लागलं की इक्बाल, कॅसेट ठीक आहे, तुझे कान गेलेत. त्यानं कान लॅपटॉपला टेकवून गाणं स्वतःच पुन्हा एकदा लावलं. मग म्हणाला, "म्हंजे तिचा आवाज मला पुरा येतच नाय?" त्याचा तो चेहरा मला अजून बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र पठ्ठ्या हजर. मूळ फाइल मी आधी वेगळी ठेवली, कारण एकदा फाटून साठवलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. मग त्याला समजावलं. लॅपटॉपमध्ये आवाजाला एक छत असतं. कुठलीही पट्टी वर नेली की आवाज छताला टेकतो आणि त्याचं डोकं छाटलं जातं. म्हणून पट्टी जेवढी वर न्यायची, तेवढा सगळा आवाज आधी खाली घ्यायचा. आणि खरं तर वर न्यायच्या भानगडीत न पडता नको ती घरघरच कमी करायची. आवाज लहान वाटला तर शेवटी स्पीकरवर मोठा करता येतो. त्याला ते पटलं, पण कानाचा भरवसा उरला नव्हता. "तू ऐक, मी लाल दिवा बघतो," म्हणाला. पुढे कितीतरी दुपारी आम्ही असंच काम केलं आणि भांडलोही भरपूर.

खालापूरच्या मांडवात भाभींचा आवाज स्वच्छ घुमला. पहिल्या कडव्यानंतर बायकांनी गाणं उचललं, शबाना रडत रडतच गाऊ लागली. इक्बाल लाल दिव्यावरची नजर काढेना. "फाटला नाय ना रं?" त्यानं हळूच विचारलं. मी मानेनंच 'नाही' म्हटलं. सगळ्या मांडवाला भाभी नीट ऐकू येत होत्या, फक्त त्यालाच नाही... आणि तो खूश होता. मला ते फार लागलं.

परवा शबानाकडे गेलो होतो. तिनं अब्बांचा लॅपटॉप पुढे ठेवला.

"काका, अब्बांनी याच्यात अम्मीचं गाणं वेगळंच लावून ठेवलंय. कानाला टोचतं. सरळ करू काय?"

मी हेडफोन लावला. बारीक आवाजाच्या पट्ट्या थेट वर आणि त्यासाठी सगळा आवाज आधी पुष्कळ खाली घेतलेला. भाभींचा आवाज सुईसारखा टोचत होता, पण कुठंही फाटत नव्हता. लाल दिवा एकदाही लागला नाही. हे काम त्यानं मला न विचारता, एकट्यानं केलं होतं.

"नको गं," मी म्हणालो. "तुझी आई त्याला अशीच पुरी ऐकू यायची."

शबानानं माझ्या हातातून हेडफोन घेतला, कानाला लावला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही.