जसमती काकीचा सत्कार

नगरपालिकेनं एक पुस्तिका काढायची ठरवली, आपल्या भागात समाजसुधारणा केलेल्या बायकांची. जसमती काकीचं नाव यादीत पहिलं होतं. मी वॉर्ड ऑफिसात कारकून. साहेब म्हणाले, "लिलासरी, तू त्यांच्या शेजारची. दोन पानं लिहून दे." मी सात लिहिली. छापून आलं दीड पान. राहिलेलं सांगते.

आमचं रातामाटा गाव नेपाळात, काली गंडकी नदीच्या वरच्या डोंगरात. जसमती काकी मगर जमातीची लेक, मगरांचीच सून. हाताला उरक आणि तोंडानं फटकळ. नाचणीची दारू ती स्वतः गाळायची. आमच्याकडे सगळ्याच गाळायच्या. पाहुणा येवो, पोर जन्मो, म्हातारा मरो, दारूची वाटी पुढे आलीच. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

तिची मुलगी पवित्रा आणि मी एका वर्गात. आठवीनंतर पवित्राचं लग्न झालं, खालच्या सिमखर्क गावातल्या रुद्रमानशी. घर मुखियाचं, जमीन नदीकाठची. लोक म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. दोन वर्षांनी तिहारच्या, म्हणजे दिवाळीच्या, सणाला मी सिमखर्कला मामाकडे गेले होते, तेव्हा सकाळीच ओरड झाली की मुखियाची सून गवत कापताना कड्यावरून पडली. मामीबरोबर मीही धावले. अंग धुताना पवित्राच्या गळ्यावरचं कापड सरकलं. दोन्ही बाजूंना बोटांचे निळे वळ होते. मामीनं झटकन कापड ओढलं आणि माझ्या दंडाला कचकन चिमटा काढला. "तू काही बघितलं नाहीस. समजलं?"

काकी अर्ध्या दिवसाची वाट तुडवत पोचली तोवर चिता विझत आली होती. आईसाठी थांबावं असं कुणाला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी परतताना वाटेत मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "बोटं किती?"

"एका बाजूला चार, एका बाजूला एक."

ती पाठ फिरवून चढण चढू लागली.

तेरावं झाल्यावर रुद्रमानचा बाप चार माणसं घेऊन आला. एक बोकड, एक पागोटं आणि जोडलेले हात. काकीचा नवरा गोमान अंगणात बसला होता. घरातून काकी म्हणाली, "पोलिसात जायचं."

"पोरगी काय परत येणार आहे?" गोमान म्हणाला. "उद्या पाण्याला, जंगलाला यांच्याच दारात जायचंय आपल्याला. उगाच वैर कशाला?" मग पाहुण्यांकडे बघून ओशाळं हसला. "अगं, घेऊन ये ना जरा."

तडजोड झाली की वर वाटी फिरवायची, तशी रीत. काकीनं दारूचा घडा बाहेर आणला, पाहुण्यांच्या बरोबर मध्ये ठेवला आणि वरवंटा घातला. मग आत जाऊन दारू गाळायची सगळी भांडी एकामागून एक ठेचली. गोमाननं तिला त्या दिवशी मरेस्तोवर मारलं. बोकड मात्र ठेवून घेतला.

आमच्याकडचा आमा समूह, म्हणजे आयांचा गट, असा सुरू झाला. पुस्तिकेत लिहिलंय, 'समाजातील वाढत्या व्यसनाधीनतेमुळे व्यथित होऊन.'

आम्ही तेवीस जणी होतो. मी सतरा वर्षांची, पण लिहिता येणारी मी एकटीच, म्हणून मी सचिव. दारू गाळायची नाही, विकायची नाही. पिऊन बायकोवर हात उचलला तर अंगाला सिस्नो. सिस्नोच्या पानाचा नुसता स्पर्श झाला तरी दिवसभर आग होते. आम्ही तर जुड्याच बांधायचो. खरं सांगते, छान दिवस होते ते. ज्या पुरुषांपुढे आम्ही मान वर करत नव्हतो ते आमची रांग दिसली की बांधावरून उड्या टाकायचे. जितमान बाजे, गावातला म्हातारा, म्हशीच्या गोठ्यात लपला होता. बाहेर ओढला तर म्हणतो कसा, "मी नाही गं प्यालो, म्हैस प्यालीय! वास तिच्या तोंडाला येतोय!" काकी पोट धरून हसली. पवित्रा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली असेल.

मग हस्तकलीची पाळी आली.

हस्तकली विधवा. जमीन नाही, दोन मुलं, दारू गाळून विकायची आणि त्यावरच जगायची. ती दारात आडवी उभी राहिली.

"दीदी, माझ्या घरात मारणारा पुरुषच नाही. कुणासाठी फोडतेस?"

"तू गाळतेस ती दुसऱ्याच्या घरात जाऊन मारते," काकी म्हणाली. "बाजूला हो."

"मग पोरांना काय घालू? तुझी भाषणं?"

"नियम सगळ्यांना एक."

"एक?" हस्तकलीचा आवाज चढला. "तुझी पवित्रा दारूनं नाही मेली, जसमती. त्या सकाळी तुझा जावई शुद्धीवर होता. सगळं सिमखर्क सांगतं. त्याला लावलीस सिस्नो? त्याच्या अंगणात पाऊल टाकलंस कधी? मुखियाच्या दारात जायला पाय कापतात, आणि माझं दार बरं सापडतं!"

काकीचं तोंड राखेसारखं झालं. मला वाटलं, आता ती मागे फिरेल. तिनं दगड उचलला आणि हस्तकलीची तांब्याची घागर चेपून सपाट केली. एवढ्या जोरानं तिनं कुणाचंच भांडं फोडलं नव्हतं. मी वहीत लिहिलं, 'कारवाई यशस्वी.'

महिन्याभरात हस्तकली मुलांना घेऊन काठमांडूकडच्या वीटभट्टीवर गेली. आमच्या गावाच्या वेशीवर 'दारूमुक्त गाव' अशी पाटी लागली. जिल्ह्याहून साहेब आले, विदेशी बायका आल्या, काकीच्या गळ्यात झेंडूच्या माळा पडल्या. सभेत तिला विचारायचे, प्रेरणा कुठून मिळाली? ती म्हणायची, "घरातून." लोक टाळ्या वाजवायचे.

आणि मग सडक आली. सडकेवर पहिलं दुकान टाकलं रुद्रमाननं. दुसरं लग्न केलेला, तीन मुलांचा बाप, आता मोठा माणूस. नाचणीची नाही, कारखान्याची सीलबंद दारू, खोकीच्या खोकी. आम्ही सिस्नो घेऊन गेलो. तेवीसपैकी नऊ जणी आल्या. बाकीच्यांची पोरं रुद्रमानकडे कामाला होती. आमच्या आधी पोलीसच हजर.

हवालदार म्हणाला, "आमा, याच्याकडे परवाना आहे. बाटली फुटली तर आत टाकीन."

काकीनं पहिली बाटली त्याच्या पायाशीच फोडली.

दोन दिवस कोठडीत काढून ती बाहेर आली तेव्हा ठाण्याच्या दारात जीप उभी होती. चालवत होता तिचाच मुलगा इमान. मलेशियाहून परतला होता, आणि जीप रुद्रमानची होती.

"आई, बस. चालत जायला दिवस जाईल."

"मागे काय आहे?"

इमाननं मान खाली घातली. मागे खोकी होती. "मी नाही चालवली तर दुसरा चालवेल. भिनाजूनं तुला सोडवलं, ते तरी बघ."

"त्याला भिनाजू म्हणतोस?" काकी म्हणाली. "तुझ्या बहिणीचा नवरा म्हणून?"

ती चालतच आली. जीप बराच वेळ तिच्या मागून हळूहळू येत होती. शेवटी इमान कंटाळून पुढे निघून गेला.

त्यानंतर ती हस्तकलीला शोधायला गेली. मला सोबत नेलं. चार भट्ट्या पालथ्या घातल्यावर सापडली. वाकलेली, केसांत विटांची धूळ. मुलगा तिथेच विटा वाहत होता. मुलगी मनसरा तेराव्या वर्षी एका दलालाबरोबर गेली, दिल्लीत कामाला लावतो म्हणाला होता. पुढे तिचा पत्ताच नाही. हस्तकलीनं आम्हाला चहा दिला. काकीनं तिचे पाय धरले. तिनं पाय काढून घेतले नाहीत, उठवलंही नाही.

"माझी घागर फोडायला तेवीस जणी आणल्या होत्यास," ती म्हणाली. "माझी पोर शोधायला दोघीच आलात?"

आम्ही मिळेल त्या गाडीनं परत आलो. मनसराला शोधायला आम्ही काही केलं का? एक अर्ज दिला. बस, तेवढंच.

गेल्या निवडणुकीत रुद्रमान वॉर्ड अध्यक्ष झाला. तो माझा साहेब. सत्काराची कल्पना त्याचीच.

समारंभाला काकी जाईल असं मला वाटलं नव्हतं. पण ती धुतलेलं लुगडं नेसून आली. रुद्रमाननं तिच्या खांद्यावर शाल घातली, वाकून पाया पडला, फोटो निघाले. मग तिच्यापुढे माईक धरला.

"पोरींनो," ती म्हणाली, "मी दारू बंद केली असं सांगतात. मी गरिबाघरची भांडी फोडली. ज्याला धरायला हवं होतं त्याला भ्याले, आणि तो राग सगळा भांड्यांवर काढला." मग ती रुद्रमानकडे वळली. "अध्यक्ष, सगळ्यांसमोर सांगा. पवित्राच्या गळ्यावर पाच बोटं कुणाची होती?"

माईक बंद झाला. कुणी बंद केला ते मला माहीत आहे, आमच्याच ऑफिसातला माणूस. मागे बसलेल्यांना काही ऐकू आलं नव्हतं. भाषण संपलं असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग पुढच्यांनीही वाजवल्या. इमान स्टेजवर येऊन आईला दंडाला धरून खाली घेऊन गेला. संध्याकाळी सगळीकडे एकच बोलणं, म्हातारीला चळ लागलाय.

आता ती दर महिन्याला जिल्ह्याच्या गावी पोलीस ऑफिसात जाते. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या मरणाची तक्रार घ्या म्हणते. शिपाई तिला चहा पाजतो आणि परत पाठवतो. गेल्या खेपेला एका तरुण फौजदारानं कागद तरी वाचला. म्हणाला, "आमा, प्रेत नाही, कागद नाही. बघितलेलं कुणी आहे?"

परत आल्यावर ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. कुणी आहे का, हे तिनं मला विचारलं नाही. फौजदार काय म्हणाला तेवढं सांगितलं, आणि नवा अर्ज लिहून दे म्हणाली.

मी लिहिला. पवित्राचं नाव, रुद्रमानचं नाव, सिमखर्क, तिहारच्या सणातली सकाळ. अक्षर चांगलं आलं. साक्षीदार या शब्दापुढे पेन टेकवलं. माझा मुलगा रुद्रमानच्या शिफारशीवर शाळेत कामाला लागलाय. माझी नोकरी अजून कायम नाही. मामी वारली, म्हणजे ते वळ बघितलेली आता मी एकटीच.

काकी माझ्या हाताकडे बघत होती. ती जागा कोरी ठेवून मी पेनाला टोपण लावलं.

"वाळू दे," मी म्हणाले.

तिनं कागद घेतला. शाई केव्हाच वाळली होती. पदराच्या टोकात घडी करून बांधला आणि हळूहळू उतार उतरून गेली.