तीन झोळ्या, आवाज नाही

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. पत्रकं छापून गावोगाव वाटणाऱ्या माणसाला न बोलता येण्यासारखं काय असणार? — आहे. एक ओळ आहे. माझीच, छापलेली.

नांदुऱ्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसावर राबणाऱ्या बायांना तान्ही लेकरं आत नेता येत नसत. मालक नेऊ देत नसे. त्याच्यावर मी आग ओकली, सरकारवर ओकली. तो राग खरा होता, अजून आहे. पण मग लेकरं ठेवायची कुठं? तेही मीच सांगायला निघालो — तान्हं कधी मांडीवर न घेतलेला मी!

पैसे घेऊन लेकरं सांभाळणाऱ्या बायांची दोन घरं पाहिली. जनाबाईकडं कलकलाट. अंगणात शेळीच्या लेंड्या, दोन लेकरं रडताहेत आणि बाई एकाला काखोटीला मारून दुसऱ्याचं नाक पुसतेय. गिरजाबाईकडं सारवलेलं अंगण, तीन झोळ्या, तिन्हींत लेकरं गाढ झोपलेली. भर दुपारी. अर्धा तास बसलो, एकही हललं नाही. येऊन लिहिलं — 'मातांनो, जिथं लेकरं शांत झोपतात तेच घर निवडा.'

अफू मला माहीत नव्हती? सरकारी ठेक्याच्या दुकानात मिळते, लेकरू झोपून राहावं म्हणून मोहरीएवढी नखावर घेऊन चाटवतात, हे वऱ्हाडात कुणाला माहीत नाही? पण ती मळक्या घरातली गोष्ट, असं मी ठरवून मोकळा झालो होतो. कशावरून? सारवणावरून.

जिनातल्या रुक्माला वाचता येत नव्हतं. ती ओळ मीच तिला वाचून दाखवली. तिनं आपली सहा महिन्यांची पोर जनाबाईकडून उचलली, गिरजाबाईकडं ठेवली. पंधरा दिवसांनी पोर झोळीतून उठलीच नाही.

मी गिरजाबाईकडं गेलो, चांगला तावातावानं. तिनं अफू लपवली नाही. म्हणाली, "तुमालेच तं चुप लेकरं आवडले ना, भाऊ? थे काऊन चुप राह्यते, एकडाव तरी इचारलं काय?"

रुक्माला वाटत होतं, पोर तापानं गेली. मलाच म्हणाली, "तुमी घर चांगलंच दाखोलं होतं, भाऊ. माह्याच नशिबात नव्हती." तोंड उघडायला हवं होतं ते तेव्हा. मी मान डोलावली. उरलेल्या दोन झोळ्यांतल्या लेकरांच्या आयांनाही काही सांगितलं नाही.

आणि आता जे सांगायचंय ते — इतका वेळ नुसता भोवती फिरलो. घरात पत्रकांचा गठ्ठा उरला होता. जाळला असता तर पत्रकं वाटणाऱ्या सोबत्यांनी कारण विचारलं असतं. दुरुस्ती छापली असती तर ती कुणीतरी वाचून रुक्माच्या कानावर घातली असती. पुढच्याच आठवड्यात तो गठ्ठा मी सुलतानपूरच्या बाजारात नेला. कडेवर तान्हं असलेली बाई दिसली की थांबवायचो, पत्रक हातात द्यायचो.

जिला वाचता येत नव्हतं, तिला ती ओळ वाचूनही दाखवली. मोठ्यानं.