धाकूचा वॉल्व

शेजारच्या लवूने मोठ्या बॅटरीची लाल तार नको तिथे लावली, लखकन निळा उजेड झाला आणि गंगाराम तांडेलाच्या रेडिओतले दिव्यासारखे काचेचे तीन वॉल्व एकदम गेले. चौथा वाचला, कारण तो तेव्हा तांडेलाच्या हातात होता. धोतराच्या सोग्याने तो त्याची काच पुसत होता. मॅट्रिकला शास्त्रात काठावर पास झालेल्या माणसाकडून याहून काय व्हायचं?

"हा तरी राहिला," तांडेल म्हणाला. शिवी दिली नाही, याचीच लवूला जास्त भीती वाटली.

तीस वर्षं मचव्याचं सुकाणू धरलेला हा माणूस. दाभोळपासून गोव्यापर्यंतचा खडक न् खडक त्याला तोंडपाठ. एकुलता मुलगा धाकू विलायती आगबोटीवर खलाशी. तीन वर्षांपूर्वी रेडिओ आणून, हा वाचलेला वॉल्व स्वतःच्या हाताने बसवून तो हसत म्हणाला होता, "बाबा, हजार तास टिकतो म्हणतात. हा जळतोय तोवर मी आहे असं समजा." थट्टाच ती. पुढे पत्रं थांबली, आणि थट्टा तेवढी उरली.

तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावला की तांडेल तासभर रेडिओ लावी आणि भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढी. नऊशे ऐंशी रेघा झाल्या होत्या.

मुंबईहून वॉल्व मागवताना लवूने तीनाऐवजी चार मागवले. बसवताना तांडेल चुन्याची डबी आणायला आत गेला, तेवढ्यात लवूने धाकूचा वॉल्व खिशात टाकला. म्हाताऱ्याच्या जिवाला वीस तासांचा घोर नको, एवढंच मनात. रेडिओ खणखणीत बोलू लागला. रेघा हजाराच्या वर गेल्या, तांडेलाला चार घास जास्त जाऊ लागले.

जुना वॉल्व कापसात गुंडाळून लवूने बिस्किटांच्या डब्यात ठेवला. एका तिन्हीसांजेला सहज हातात घेतला, तर काच कोमट! ना तार, ना बॅटरी. सकाळी पाहिला, गार. पुन्हा तांडेलाचा रेडिओ लागायच्या वेळेला, कोमट. लवूने शास्त्राचं पुस्तक उघडलं. त्यात हा धडा नव्हता.

श्रावणात एका संध्याकाळी काच गारच राहिली. आत आरशासारखा चकाकणारा एक डाग असतो, तो दुधासारखा पांढरा पडला होता. काचेला चीर जाऊन हवा शिरली की असं होतं. लवूने खूप शोधलं. चीर सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं सांगून टाकायचं ठरवून तो तांडेलाकडे गेला. तांडेल रेघ ओढत होता. पाठ न वळवता म्हणाला, "तुझ्याकडचा कसा आहे रे?"

"माझ्याकडचा?" लवूने विचारलं.

"मेल्या, बुडाला धाकूच्या चाकूची खूण होती. पहिल्याच दिवशी कळलं मला. म्हटलं, राहू दे तुझ्याकडे. जळला नाही तर जास्त टिकेल." मग हळूच, "तिन्हीसांजेला गरम लागतो ना? माझ्याही हाताला लागायचा."

"लागतो, काका," लवू म्हणाला.

तांडेलाने कोनाड्यातला नारळ काढून त्याच्या हातावर ठेवला. "मग खाडीवरच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालून वाढव हा. हजार पार पडले तर देईन म्हणून बोललो होतो. माझे गुडघे काही तिथवर जात नाहीत."

राखणदाराच्या दगडासमोर लवू बराच वेळ उभा होता. 'धाकूला सुखरूप ठेव,' एवढंच म्हणायचं होतं. पण पांढरा पडलेला तो डाग डोळ्यांपुढून हलेना. नारळ तसाच घरी आला, डब्याशेजारी बसला.

आतलं पाणी केव्हाच आटलं. राखणदाराचं देणं अजून आहेच.