तव्यावरची वीट

मित्रहो, आज आमच्याकडे भाकरी झाली नाही, कारण तव्यावर वीट विराजमान होती. पाकशास्त्रात याला प्रायश्चित्त नाही.

इंजिनिअरिंगला असलेली आमची कन्या परळीच्या वीज केंद्रातल्या राखेची वीट खालून तापवून, उष्णता वरपर्यंत किती वेळात पोचते ते मोजते आहे. आकडा रोज वेगळा. आज उलगडा झाला. माझी आई पहाटे उठून त्या विटेवर पाणी मारत होती.

"कावून गं आजी? ओल्या विटेचा आकडा खरा येत न्हाई."

"पाणी मारल्याबिगर वीट पक्की हुती का, बाई?"

आईच्या खोलीची पश्चिमेची भिंत या विटेने बांधायची का, ते ठरवायचं आहे. मागच्या उन्हाळ्यात तिथे तिला भोवळ आली, ते आम्हाला शेजारणीकडून कळलं. विटेतली उष्णता मोजता येईल. आई मात्र काही सांगत नाही, आणि मला भीती त्याचीच वाटते.