बाजूचे काळे पट्टे

नवीन मॉनिटर आला आणि माझ्या डोक्याला ताप झाला. हॉटेलवाल्यांचे व्हिडिओ घरबसल्या एडिट करायचं माझं काम. त्यासाठी हा लांबलचक, रुंदी-उंची एकवीसास नऊ असलेला मॉनिटर घेतला असं मी घरात सांगितलं. खरं कारण गेम! होड्या चालवायचा एक जुना गेम मी वेड्यासारखी खेळते. पण तो बनवलाय सोळा-नऊच्या पडद्यासाठी. त्यामुळे एवढ्या रुंद पडद्यावर चित्र आपलं मधोमध, आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं काळे पट्टे. हौसेने घेतलं आणि मिळालं काय, तर डांबर.

बाबा दुपारी जेवून माझ्या मागे खुर्ची टाकून बसायचे. मालवणच्या जेटीवरून पर्यटकांना होडीने किल्ल्यात नेण्यात त्यांचा जन्म गेलेला, अजूनही फेऱ्या चालूच. गेममधल्या होडीला नावं ठेवल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे.

पहिल्या दिवशी मी मॉनिटरच्या मेनूत जाऊन चित्र ताणलं, दोन्ही कडांना भिडवलं. मागून लगेच आवाज, "गो, होडी कोणी चेपल्यान ती?" खरंच, होडी बुटकी आणि फताडी झाली होती. दुसऱ्या दिवशी झूम केलं. पट्टे गेले, पण चित्र वरून-खालून कापलं गेलं. "डोलकाठी खंय गेली?" बाबांनी विचारलं. माझं टाळकंच सरकलं. "तुम्ही गप बसा बघू!" म्हणून मी ओरडले. त्यांनी काढलेली चूक बरोबर होती, त्याचाच जास्त राग आला होता.

तिसऱ्या दिवशी गेमच्या फाइलमध्ये शिरून मी रुंदी-उंचीच्या प्रमाणाचा आकडा बदलला, मग नजरेचा कोन, म्हणजे बाजूचं किती दिसावं तो आकडा, वाढवला. आणि काय सांगू! मधलं चित्र होतं तसंच राहिलं, ना ताणलेलं, ना कापलेलं. फक्त जिथे काळं होतं तिथे समुद्र आला. डाव्या टोकाला खडक, उजव्या टोकाला एक लाल होडी. मी टाळीच वाजवली. बाबांना हाताला धरून माझ्या खुर्चीत, पडद्याच्या अगदी पुढ्यात बसवलं.

"सांगा, काय बदललं?"

ते बराच वेळ समोर बघत राहिले. "माका तर पयल्यासारख्याच दिसता."

मला वाटलं, चिडवताहेत. तेवढ्यात ती लाल होडी उजवीकडून आली आणि आमच्या होडीवर आदळली. बाबा दचकले. "आं! ही खंयसून इली?"

मी तर ती केव्हापासून बघत होते. होडी चेपली, डोलकाठी गेली, सगळं त्यांनी टिपलं होतं. काळ्या पट्ट्यांबद्दल मात्र एकदाही कुरकुरले नव्हते.

आणि मग मागचा आठवडा आठवला. जेटीजवळ त्यांची होडी दुसऱ्या एका होडीला घासली होती. "आडवो इलो मेलो," म्हणत बाबा घरी आले होते. मी तरातरा जेटीवर गेले आणि त्या होडीवाल्याला चार लोकांत नको नको ते बोलून आले. तो बिचारा एवढंच म्हणत होता, "मी सरळच येय होतंय गो."

तीन वाजले होते. चारची फेरी बाबांची होती. होडीत वीस माणसं, त्यांत पोरं असणारच. काही न बोलता त्यांना जाऊ द्यावं असं क्षणभर मनात आलं, खोटं कशाला सांगू? या माणसाला होडीवरून उतरवायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

"बाबा, मधोमध बघा. डोळे हलवू नका. दोन्ही हात पडद्यावर ठेवा आणि दिसतील तिथपर्यंत बाजूला न्या."

"खुळावलंस काय गो?"

"न्या म्हणते ना!" माझा आवाज चिरकला. त्या आवाजाने असेल, पण त्यांनी हात उचलले.

तळवे हळूहळू बाहेर सरकले आणि थांबले. पट्टे जिथे सुरू होत होते, त्याच्याही बरेच आत. एकदा त्यांनी डोळे वळवून उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. पुन्हा समोर.

"ह्याच्या फुडे तुका काय दिसता?"

"समुद्र," मी म्हटलं. मला रडू आवरेना.

त्यांनी पडद्यावरचे हात खाली घेतले. मग फोन काढून त्याच होडीवाल्याला लावला. "चारची फेरी तू घेवन जा. नाय, ताप-बीप काय नाय. आणि आयक, त्या दिवशी तू आडवो येवक नाय. माका तू दिसलंसच नाय." पलीकडचा काय म्हणाला कोण जाणे. बाबा नुसतं "होय, होय" करत होते.

"उद्या कुडाळाक जावया," फोन ठेवून ते मला म्हणाले. "डोळ्यांच्या डॉक्टराक दाखवया."

मग त्यांनी खिशातून होडीची चावी काढली. माझा हात त्यांच्या शेजारीच टेबलावर होता. त्यांनी अख्खी मान वळवून तो शोधला आणि चावी माझ्या मुठीत ठेवली.